पुनर्वसनात नदी आणली, त्याची गोष्ट

गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला गेले होते. डॉक्टर तरुण मुलगा, लातुरातच शिकलेला, बोलायला गोड. “कुठला गुडघा दुखतो, मावशी?” त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “खालतीकडचा.” तो माझ्या दोन्ही गुडघ्यांकडं बघत राहिला. त्याचं तरी काय चुकलं, दोन्ही गुडघे खालीच होते. मग मी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विषय मिटवला. त्याला काय सांगणार होते, की बाबा रे, आमच्या जुन्या घराचं तोंड नदीकडं होतं, आणि दारात नदीकडं तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला पाणी वाहत जायचं, म्हणून माझ्या अंगाची उजवी बाजू ही जन्मापासून खालतीकडची. लातुरात घर बांधून इतकी वर्षं झाली, नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, तरी फोडणीची मिरची मला वरतीकडच्या डब्यातच सापडते.

आमच्या गावाला डावं-उजवं ठाऊक नव्हतं. बालाघाटाच्या डोंगरातून वाकी नदी उतरते, ती मुळातच इतकी वेडीवाकडी की नावच वाकी पडलं. तिच्या दोन्ही काठांवर आमचं गाव, वाकीसांगवी. आमच्या बाजूला माळावरून एक ओढा यायचा आणि घाटाच्या जरा वरच्या अंगाला वाकीला मिळायचा, म्हणून सांगवी. नदीच्या आमच्या काठाला अल्याड म्हणायचं, समोरच्या काठाला पल्याड, आणि उरलेलं सगळं जग वरतीकडं किंवा खालतीकडं. ताटात भाकरी खालतीकडं वाढायची. पाठ खाजवणाऱ्याला “अजून जरा वरतीकडं” म्हटलं की तो मानेकडं जायचा नाही, डाव्या खांद्याकडं जायचा. नांदेडकडून एक नवे गुरुजी बदलून आले होते, त्यांनी आम्हाला पूर्व-पश्चिम शिकवायचा महिनाभर प्रयत्न केला आणि शेवटी तेच बायकोला चिठ्ठीत लिहू लागले की तुरी खालतीकडच्या दुकानातून आण. झोपायचंसुद्धा नदीच्या हिशोबानं. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, रोज आमच्या बाजा तपासायचे. “नदी कशी निजली हाय? डोस्कं डोंगराकडं, पाय खालतीकडं. मानसानं बी तसंच निजावं, मंग झोप वाहत येती.” कुणाची उशी उलटी दिसली की ते झोपलेल्या पोरासकट बाज फिरवायचे.

आबांची काहील होती. उसाचा रस आटवून गूळ करायची ती लोखंडी, परातीसारखी पण अंगणाएवढी काहील; आमच्या घराण्यानं तिच्यात गूळ कधीच केला नाही. पावसाळ्यात वाकी भरली की आबा त्या काहिलीत माणसं बसवायचे आणि बांबूनं रेटत पल्याड नेऊन सोडायचे. काहिलीला पुढं-मागं नसतं, ती गोल गोल फिरत जाते, त्यामुळं बसलेल्या माणसाला मध्यावर गेल्यावर आपण येतोय की जातोय ते कळत नाही. आबांना मात्र सगळं कळायचं आणि ते बिडी ओढत पल्याडच्या लोकांशी भांडतही असायचे. आमच्याकडची लग्नं या काहिलीवर अडून असत. मुलगी अल्याडची असेल तर नवरदेव कुठल्याही गावचा असो, रस्ता आमच्याच दारावरून आलेला असो, त्याला आधी पल्याड नेऊन बसवायचं. त्या दिवसापुरतं पल्याडचं अख्खं गाव त्याचं वऱ्हाड व्हायचं, मानपान मागायचं, रुसायचं. मग काहिलीतून तो अल्याड यायचा, मुलीचा भाऊ नाहीतर बहीण त्याचे पाय धुवायची आणि ते पाय धुतलेलं पाणी माझी आजी तांब्यातून वाकीत सोडायची. सोडताना नदीला सांगायची, “बग गं बाई, ह्यो आपला जावई.” गावातल्या प्रत्येक लग्नात हे काम आजीचंच होतं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी नदीशी असं घरच्यासारखं बोलत नसे.

भूकंपाबद्दल मी फार लिहिणार नाही. गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. आबा घाटावर पालथ्या काहिलीशेजारी, आम्ही उकाड्यामुळं अंगणात, आणि आजी तेवढी आत, कारण तिला वारा सोसायचा नाही. आमची घरं नदीच्या गोट्यांची आणि मातीची, भिंती हातभर जाड. त्याच भिंती पडल्या. काहिलीला एक पोचासुद्धा आला नाही. आबा कितीतरी दिवस त्या काहिलीकडं असं बघायचे की जणू ती काहीतरी लपवते आहे. आजीचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं, “अगं ये” एवढीच त्यांची हाक. आणि पडक्या घरापुढं उभं राहून ते तेवढंच म्हणत राहिले. इथंच थांबते.

मग एका संस्थेनं माळावर नवी वसाहत बांधून दिली. आमच्या भागात अशा वसाहतीला सगळे ‘पुनर्वसन’च म्हणतात, कुठं राहता, तर पुनर्वसनात. सगळी घरं एकसारखी, एकाच रंगाची, रांगेत उभी, मधून एक सरळ डांबरी रस्ता. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला शाळा. घरं भक्कम होती, त्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण नदी नव्हती. आणि नदी नाही म्हटल्यावर गावाची जी पंचाईत झाली ती बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही आली नसेल. पहिल्या आठवड्यातच लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की मधला रस्ता हीच नदी. कुणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. बायका रस्ता ओलांडताना लुगडं जरा वर धरू लागल्या, झालं. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली होती, त्यामुळं जन्मभर पल्याड राहिलेली रहेमतबी चाची आमच्या भिंतीला भिंत लागून अल्याड आली. चाची म्हणजे बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारी, सगळ्यांच्या मनगटांची मापं पाठ असलेली बाई. ती कुणी विचारलं की ठणकावून सांगायची, “मैं पल्याडकीच हूं. घर हितं हाय तर काय झालं, सरकारनं दिलंय, अल्लानं न्हाई.”

अल्याड-पल्याड असं निभावलं, पण वरतीकडं कुठलं? माळ सपाट. आबा म्हणायचे टाकीकडं वर. चाची म्हणायची शाळेकडं वर. दोघांचा रोज सकाळी चहाच्या वेळी वाद.

“आबा, तुमचं डोस्कं फिरलंय का हो? साळंकडं वर हाय, वर!”

“मंग टाकी काय खड्ड्यात बांधत्यात व्हय गं रहेमत? टाकी कवाबी वरच आसती.”

“टाकी खांबावर हाय. माझ्या घरात बी फळीवर मीठ हाय, मंग माझं सैपाकघर डोंगर झालं का?”

अर्धं गाव आबांकडून, अर्धं चाचीकडून. दळण खालतीकडच्या गिरणीत ने म्हटलं की पोर रस्त्यावर येऊन रडायचं. आणि आबांची झोप गेली. कारण डोकं कुठं करायचं तेच कळेना. तोंडानं ते टाकीकडं वर म्हणून चाचीशी भांडत, पण मनातून त्यांची खात्री नव्हती, हे त्यांच्या बाजेवरून घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवस बाज टाकीच्या बाजूला, मग शाळेच्या, मग तिरकी. आणि निजायचे ते पाय पोटाशी घेऊन, मुटकुळं करून. उंचापुरा माणूस, पण बाजेवर लहान पोराएवढा दिसायचा. “पाय लांब करा की, मामंजी,” असं माय म्हणायची, तर म्हणत, “कुनीकडं करू, ते सांग.” सकाळ झाली की उठून दोन कोस चालत जुन्या गावाच्या घाटावर जायचे, नदीत तोंड धुऊन परत यायचे.

मी तेव्हा लातुरात होते, अकरावीला. त्या काळात लातुरात क्लास नुकते बहरायला लागले होते. कुठल्याही गल्लीत जा, पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी फळ्यावर खडू घासतोय आणि पोरं मांडीला मांडी लावून बसलीत. भूकंपामुळं घरमालकांना स्लॅबची भीती बसलेली, त्यामुळं खोल्याही पत्र्याच्या. दुपारी आत बसलं की आपणच भाजतोय असं वाटायचं. आम्ही पाचजणी एका खोलीत, स्टोव्हवर स्वयंपाक. गावात कुणीतरी आबांच्या कानावर घातलं की लातूरच्या बोरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, टणक राहते. आबांनी त्यावर फार विचार केला आणि निर्णय दिला, “ज्या पान्यात डाळ शिजत न्हाई त्या पान्यानं पोरीचं डोस्कं काय चालंल? नंदीला वाकीचंच पानी पायजे.” नंदी म्हणजे मी. तेव्हापासून दर आठवड्याला माझी थोरली बहीण मंगलअक्का घाटावर जाऊन गोडेतेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये नदी भरायची, एसटीत घालायची आणि कंडक्टरशी भांडत लातुरात माझ्या खोलीवर आणायची. सुरुवातीला माझ्या मैत्रिणी हसल्या. मग त्या पाण्यातली डाळ मेणासारखी शिजलेली बघितली आणि ठेच्याबरोबर खाल्ली, तेव्हापासून अक्काची वाट माझ्यापेक्षा त्याच जास्त बघू लागल्या. पुढं कितीतरी वर्षांनी लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तेव्हा सगळा देश अचंबा करत होता. मी मात्र मनात म्हटलं, आमच्या अक्कानं हे कधीच केलंय, तेही एसटीनं.

आमच्या खोलीच्या जिन्याला लागूनच कदम सरांची फिजिक्सची शेड होती. सर तरुण, मुदखेडचे, वडील रेल्वेत. शिकवायचे फार सुरेख. नावेचा वेग इतका, प्रवाहाचा वेग इतका, तर नाव पलीकडच्या काठाला कुठं लागेल, ही गणितं तर असे रंगून सांगायचे की आम्हाला नदी दिसायची. एका दुपारी ते ओळीनं बॅचा घेऊन घसा कोरडा करून दारात उभे होते आणि अक्का कॅन घेऊन जिन्याशी टेकली होती. सरांनी विचारलं, “पाणी आहे का?”

“हाय,” अक्का म्हणाली. “पन नदीचं हाय. चालंल का?”

सर ओंजळीनं प्यायले. “किती गोड आहे हो!”

“गोड न्हाई. पानीच हाय,” अक्का म्हणाली आणि कॅनचं झाकण घट्ट लावलं.

पुढच्या आठवड्यात सर आधीच दारात उभे होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी तांब्या आणून ठेवला होता. क्लासमधल्या पोरांना या प्रकरणाचा उलगडा त्या दोघांच्या आधी झाला. रीतसर माणसं मधे घालून मुदखेडहून विचारणा आली तेव्हा आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते हरखून गेले. क्लासवाले सर म्हणजे तेव्हा कलेक्टरच्या खालोखाल. अक्का दहावीनंतर घरीच होती, आणि भूकंपानंतर तिची दोन ठरत आलेली लग्नं विसकटली होती. त्या दिवशी भाकरी करताना ती गुणगुणत होती, आणि आजी गेल्यापासून आमच्या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं.

मुलगी बघायला मंडळी येणार म्हणून दादांनी पत्ता सांगितला: टाकीपासून खालतीकडं या, पल्याड जाऊ नका, अल्याडच्या रांगेतच वरतीकडून मोजा. मुदखेडच्या माणसांनी बिचाऱ्यांनी फार प्रयत्न केला. शेवटी एकसारख्या घरांपैकी एका घरात शिरून बसली. ते रहेमतबी चाचीचं होतं. चाचीनं पाणी दिलं, चहा दिला, तुपातला गुळाचा शिरा करून वाढला. सरांची आई, मुदखेडच्या मावशी, शिऱ्यावर इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, “सुगरण हाय हो पोरगी. बोलवा की तिला, कामून लपवून राहिले?”

“पोरगी शेजारच्या घरात हाय,” चाची म्हणाली. “शिरा माझा हाय.”

“मग आधी कामून नाही सांगितलं?”

“घरात आलेल्या मानसाला उपाशी धाडू काय? खाऊन घ्या, मंग सांगते म्हनलं.”

असं सगळं हसतखेळत चाललेलं. पोरगी पसंत, तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा, तोही आमच्या दारात. आणि मग कोपऱ्यात बसलेले आबा म्हणाले, “लगीन जुन्या गावात लागंल. नवरदेव वाकी वलांडून येईल. न्हाईतर पोरगी देत न्हाई.”

मुदखेडच्या मावशींच्या हातातली बशी तशीच राहिली. त्या काही वाईट बाई नव्हत्या. सगळा जन्म रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेला. “आमचं काय हो, बदली झाली की पेट्या उचलायच्या,” असं त्या सहज सांगायच्या. गाव म्हणजे काय हे त्यांना टाइमटेबलावरून माहीत होतं. त्या आबांना समजावून म्हणाल्या, “तिथं माणसं गेली हो, बाबा. पोराचं पहिलं पाऊल तशा जागेत टाकायचं? मला नाही जमणार.”

“मानसं गेली म्हनूनच,” आबा म्हणाले. “तिनं जावई बगितला पायजे.”

तिनं म्हणजे कुणी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मंडळी उठून गेली. मग दोन्हीकडून निरोप सुरू झाले. मावशी म्हणत, पडक्या घरांत माझा मुलगा येणार नाही, जमत नसेल तर आम्हाला दुसरी मुलगी बघू द्या. आबा म्हणत, बघा. दादा मधल्या मधे दळून निघाले. क्लासवर नावेच्या गणितात सरांची उत्तरं चुकायला लागली. आणि अक्का? ती कॅन आणायची तशीच आणत राहिली, सरांच्या तांब्यात पाणी ओतून, मान खाली घालून वर यायची. तिसऱ्या खेपेला ती माझ्या खोलीत येऊन बसली आणि कॅनवर डोकं टेकून रडली. मला तिचा राग आला, आबांचा आला, मावशींचा आला, त्या वाकड्या नदीचासुद्धा आला. अक्काच मग डोळे पुसून उठली, कॅन हलवून बघितला, आणि म्हणाली, “नंदे, म्या दर हप्त्याला नदी लातूरला आनते. मंग पुनर्वसनात आनाया काय झालं?”

पुनर्वसनात पाण्याचा टँकर यायचा. चालवणारा बालाजी आमच्याच गावचा. अक्कानं त्याला गाठलं, दादांना पटवलं, आणि आबांपुढं जाऊन उभी राहिली. “आबा, नवरदेव नदी वलांडंल. पन नदी हितं येईल.” आबांनी एवढंच विचारलं, “पानी वाकीचं? बोरचं न्हाई?”

“वाकीचं. म्या सोता भरून आनते.”

“मंग काहील बी आना,” आबा म्हणाले. मावशींना निरोप गेला की लग्न पुनर्वसनातच, डांबरी रस्त्यावर. त्यांनी होकार कळवला. नदीचा उल्लेख दादांनी मुद्दामच केला नव्हता.

लग्नाच्या सकाळी चाचीनं आपली सतरंजी, पानाचा डबा आणि बांगड्यांची टोपली उचलली आणि रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसली. कालपर्यंत अक्काला हळद लावणारी बाई, पल्याड पाय ठेवला आणि बदलली. “आमच्या नवरदेवाला अजून च्या न्हाई आला! अल्याडच्या लोकांना काई रीत हाय का न्हाई?” मुदखेडच्या मावशींना कळेना की ही शिरेवाली बाई आपल्या बाजूनं एवढी कशाला भांडते आहे. ट्रॅक्टरला बांधून जुन्या घाटावरून काहील आणली होती. ती डांबरावरून ओढली तेव्हा असा आवाज झाला की वऱ्हाडातल्या पोरांनी कानांत बोटं घातली. टँकर आला तो अक्काला घेऊनच आला. हळदीच्या अंगानं नवरी टँकरच्या केबिनमध्ये बसून आलेली मी तरी तेवढीच बघितली.

आता टँकर लावायचा कुठं? आबा म्हणाले टाकीकडं, तिकडं वर. चाची पल्याडहून ओरडली, साळंकडं! दोन्हीकडची माणसं जमली, मुहूर्त जवळ आला, आणि लग्न सोडून वर-खालचा वाद पेटला. शेवटी सरांना विचारलं, तुम्ही फिजिक्सवाले, तुम्हीच सांगा. फेटा सावरत सरांनी एक डोळा मिटून रस्ता निरखला आणि निकाल दिला की रस्ता अगदी समतल आहे, पाणी जागच्या जागी पसरेल. बालाजी कंटाळला. त्यानं टँकर होता तिथंच, अधमधात, पल्याडच्या कडेला उभा केला, सरांना काहिलीत बसवायला सांगितलं आणि पाना फिरवला.

वाकी सुटली. ती टाकीकडं गेली नाही, शाळेकडं गेली नाही, जागच्या जागी तर मुळीच थांबली नाही. ती रस्ता आडवा कापून सरळ आमच्या मांडवात शिरली. आचाऱ्यानं भाताचं पातेलं डोक्यावर घेतलं. पाहुण्यांनी मांडवाबाहेर काढून ठेवलेल्या चपला उठल्या आणि एकेक करून निघाल्या. फळ्यावर शेकडो नावा पार केलेले आमचे सर जन्मात पहिल्यांदा नावेत बसले होते. त्यांनी काहिलीचे काठ दोन्ही हातांनी गच्च धरले आणि डोळे मिटले. पाणी जेमतेम घोटाभर, काहील तरंगायचं नावच घेईना, म्हणून पल्याडच्या पोरांनी ती रेटायला सुरुवात केली आणि तिनं रस्त्याच्या मध्यावर सवयीनं गोल गिरकी घेतली. सरांचं तोंड मुदखेडकडं झालं. “अवो, माझा पोरगा उलटा चालला!” असं म्हणत मावशी धावल्या, ओल्या रस्त्यावर त्यांची एक चप्पल सुटली, दुसरीही सुटली, आणि त्या थेट काहिलीत जाऊन बसल्या. आबांनी बांबू हातात घेतला. त्यांनी तो डांबराला टेकवून असा काही रेटा दिला की मायलेकं किंचाळत अल्याड आली. पल्याडहून चाचीनं दोन्ही हातांनी कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

मी सरांचे पाय धुतले. पाणी तांब्यात घेतलं आणि वळले, तर ते सोडायला आजी नव्हती. आबांनी माझ्या हातातून तांब्या घेतला. पण ते तिथं थांबले नाहीत. ते पाण्याच्या मागं निघाले. मांडवातून, आमच्या परसातून, घरामागच्या बांधावरून पाणी आपली वाट काढत चाललं होतं आणि आबा अनवाणी त्याच्यामागून. आम्हीही गेलो, नवरदेव, नवरी, आपापल्या चपलांची काळजी असलेले पाहुणे, सगळे. बांध संपला आणि पाणी एका घळीत उतरलं. खाली ओढा होता, अजून वाहता. तोच, जुन्या गावाशी जाऊन वाकीला मिळणारा. इतके दिवस तो आमच्या घराच्या पाठीशी होता आणि आमचं अख्खं गाव टाकी आणि शाळा यांच्यामध्ये नदी शोधत बसलं होतं. चपला ओळीनं खाली चालल्या होत्या. सगळ्यांत पुढं मुदखेडच्या मावशींची लाल, टाचेची.

आबा काठावर बसले. तांब्या वाकडा केला.

“अगं ये,” ते म्हणाले, “बगितलंस का? ह्यो आपला जावई. मुदखेडचा हाय. मास्तर हाय. जरा भित्रा हाय, पन बरा हाय.”

माझ्या शेजारी मावशी उभ्या होत्या, अनवाणी. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आबांच्या मागून, ओढ्याला हात जोडून हळूच म्हणाल्या, “मी त्याची आई.” त्यांना आजीचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. अक्षता मुहूर्त टळून पडल्या आणि त्याची कुणी तक्रार केली नाही. जेवताना भात करपट लागत होता, तोही लोकांनी दोनदा मागून घेतला.

दोन दिवसांनी आबा नेहमीप्रमाणे घाटावर गेले आणि काखेत लाल चप्पल घेऊन आले. एकच. जुन्या घाटाच्या पायरीला लागलेली सापडली. “विहीनबाई न्हाई न्हाई म्हनल्या,” ते चाचीला सांगत होते, “पन चप्पल त्यांच्या आदी जाऊन आली.” चाचीनं ती धुऊन, कागदात बांधून मुदखेडला पाठवली. मावशींनी ती पुढं कितीतरी वर्षं जोडीविना जपून ठेवली होती; मी स्वतः बघितली आहे. वर-खालचा वादही लग्नाच्या दिवसापासून बंद झाला. रस्त्याच्या पल्याडचं ते वरतीकडं आणि आमच्या परसाकडचं ते खालतीकडं, हे पाण्यानंच सांगून टाकलं होतं. आबा आणि चाची दोघंही हरले होते, त्यामुळं दोघांनाही वाईट वाटलं नाही. चहाच्या वेळी भांडायला मात्र त्यांना नवीन विषय शोधावे लागले.

चप्पल सापडली त्याच दुपारी आबांनी बाज फिरवली. इतके दिवस ती रस्त्याला समांतर कधी इकडून, कधी तिकडून असायची; आता त्यांनी ती आडवी लावली, डोकं रस्त्याकडं, पाय परसाकडं. त्या छोट्या घरात बाज तशी मावत नव्हती. मागचं दार उघडं ठेवावं लागलं आणि आबांचे पाय दाराबाहेर आले. परसात जाणारं प्रत्येक माणूस त्या पायांना अडखळायचं. माय दिवसातून दहादा कुरकुरायची, पण बाज हलवू म्हणून कुणी म्हटलं नाही. त्या दुपारी मी लातूरला निघाले होते, हातात अक्काचा कॅन होता. आबांना सांगून जावं म्हणून मागच्या दाराशी गेले तर ते गाढ झोपले होते, मुटकुळं नाही, तिरके नाही. आजी गेल्यापासून पहिल्यांदा पाय लांब करून.